सगळ्यांना म्यूट

रविवार, ५ फेब्रुवारी २०२३, दुपार
आजपासून कुटुंबाची व्हिडिओ मीटिंग. दर रविवारी, संध्याकाळी सहाला. लातुरात तीस वर्षं गणिताचे क्लास घेतले, दोन-दोनशे पोरं एका नजरेत गप्प बसवली. घरची चार माणसं म्हणजे काय! बायको, नागुबाई, पंधरा दिवसांसाठी पुण्याला मुलाकडे, प्रेमकडे गेली, नातू सांभाळायला. पाच महिने झाले. मला काही फरक पडत नाही. मीटिंग फक्त शिस्तीसाठी.
जेवण : उत्तम. दोन केळी.

सायं. ७
सगळे हजर. जयभीम झाल्यावर आधी हजेरी. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे अंगणात अशीच नावं पुकारली होती. एकेकाचं ‘म्या हाय’ ऐकलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. मग सगळ्यांना म्यूट केलं, कालवा नको. विषय : वेळेचं महत्त्व. चाळीस मिनिटं झाली आणि मीटिंग आपोआप बंद पडली. सगळे मन लावून ऐकत होते.

रविवार, १२ फेब्रुवारी
फक्त प्रेम आणि नागुबाई, दोघं एकाच फोनवर. मुलगी धम्मप्रिया हैदराबादला नर्स. ड्युटी लागली म्हणे. बिलोलीचा धाकटा भाऊ केरबा म्हणतो, रेंज न्हाई. विषय : वेळेवर जेवण. मध्येच प्रेम उठून गेला. नागुबाईचे ओठ हलत होते. काहीतरी बोलून राहिली होती. पण नियम म्हणजे नियम. मी मान हलवली आणि पुढचा मुद्दा घेतला.
जेवण : उत्तम. पार्ले बिस्किट.

मंगळवार, १४ फेब्रुवारी
नागुबाई जुना फोन इथंच विसरून गेली आहे. रोज सातला वाजतो. कंपनीचे मेसेज असणार. चार्जिंग मात्र मी नेमाने करतो. कशाला, माहीत नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी
प्रेम एकटाच, तोही दोन मिनिटं. बाबा, नेट लई स्लो हाय म्हणे. पुण्यात नेट स्लो! असो. मी पूर्ण चाळीस मिनिटं घेतली. पोर्शन अर्धवट सोडायची आपल्याला सवय नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी, सायं. ८
तो फोन पुन्हा वाजला. बंद करायला उघडला तर मीटिंगची लिंक. ग्रुपचं नाव ‘घरचे’. म्हणजे मी कोण? तपासणी म्हणून आत शिरलो. कॅमेरा बंद, आवाज बंद. नाव दिसत होतं ‘आई’. खरी आई प्रेमच्या फोनवर होती, पण गलक्यात कोणाचं लक्ष गेलं नाही. केरबाची रेंज फुल. सगळे एकदम बोलून राहिले होते. धम्मप्रिया माझी नक्कल करत होती. चांगली करते.

मग तिनेच आईला विचारलं, लातूरला कवा जाणार? नागुबाई म्हणाली, म्या तर बारा तारखेलाच म्हणले, मला न्यायला या, करमंना. ते निस्ती मान हलवून जेवणावर बोलत राहिले. नसंल त्यांच्या मनात.

मी ओरडलो, येतो, उद्याच येतो! कोणी वळूनही पाहिलं नाही. मीच मला म्यूट केलं होतं. बटण सापडेपर्यंत मीटिंग संपली.

लगेच प्रेमला फोन लावला, नागुबाईला द्यायला सांगितलं. येतो म्हणायचं होतं. इथं एकट्याला घर खायला उठतं, हेही म्हणायचं होतं. तिने विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, उत्तम. रविवारी सहाला मीटिंग आहे, वेळेवर ये. ती बरं म्हणाली.

जेवण : केलं नाही.