किशोरीचं नूतनीकरण

१० जुलै
मासेमारी परवान्याचं नूतनीकरण यंदापासून ऑनलाइन. कागद घेणार नाहीत. मच्छीमार सोसायटीची मीटिंग झाली. मी उठून सांगितलं, आधी माझ्या ‘किशोरी’ बोटीचं करतो, मग आख्ख्या आगरदांड्याचं करून देतो. टाळी एकच वाजली. शेजारच्या बोटवाल्या बुधाजीची. डास मारला असावा.
१ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते. परवाना नसेल तर डिझेल नाही, आणि खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर जाणार. पण वीस दिवस म्हणजे चिक्कार.

११ जुलै
पासवर्ड तयार केला. कुठेही लिहिला नाही. जाणकार माणसं लिहीत नाहीत.

१२ जुलै
नवा पासवर्ड तयार केला. Kishori@34. बोट चौतीस फुटी आहे, विसरणं शक्य नाही. तरी लिहून ठेवला. ही वही माझ्याशिवाय कोण वाचतंय.

१५ जुलै
ओटीपी बायकोच्या मोबाइलवर जातो. माझा मोबाइल खाडीत पडला त्या वर्षी मीच तिचा नंबर दिला होता. ती मुरूडच्या बाजारात सुकट विकायला. फोन केला तर म्हणाली, गिऱ्हाईक हाय, मंग सांगते. सांगितला तोवर मुदत संपली.
संध्याकाळी म्हणाली, द्या माझ्याकडं, मी भरते. मी हसलो. व्हॉट्सॲपवर बोंबलाच्या ऑर्डरी घेणं वेगळं, सरकारी काम वेगळं.

२२ जुलै, दुपारी ४
जेट्टीवर रेंज मिळाली, बायकोने ओटीपीही वेळेत सांगितला. शेवटी ‘नौकेचे छायाचित्र’ मागितलं. मोबाइलमध्ये ‘किशोरी’ नावाचा फोटो होताच. जोडला. सबमिट. बुधाजीला सांगितलं, अर्ध्या तासाचं काम.

२६ जुलै
अर्ज परत. मेसेज अर्थातच बायकोच्या मोबाइलवर. तिने तो बाजारात मोठ्याने वाचला: ‘नोंदणी क्रमांक दिसत नाही. बांधणीचा अंदाज येत नाही. पाण्यात असताना, डाव्या बाजूने, पूर्ण लांबी दिसेल असे छायाचित्र जोडावे.’
फोटो बायकोचा होता. भाचीच्या हळदीतला, पिवळ्या साडीतला.
घरी आल्यावर तिने शांतपणे विचारलं, माझी डावी बाजू कंची? जेवताना मी मान वर केली नाही.
खरं तर चूक प्रेमाची. लग्नाच्या वर्षी बोट बांधली, तिचं नाव दिलं. पोर्टलला प्रेम कळत नाही.

२८ जुलै
भरतीला नवा फोटो. किशोरीने (बायको) किशोरीचा (बोट) काढला. मी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर हात ठेवून उभा राहिलो. ती म्हणाली, बाजूला व्हा. मी म्हटलं, मालक दिसायला हवा. फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे. उद्या चढवतो.

२९ जुलै
पासवर्ड चुकीचा म्हणतो. लिहिलेलाच टाकतोय.

३० जुलै
अजून चुकीचा. हॅकर असावा. खलाशी दोनदा विचारून गेले, बुधाजीकडे जाऊ का. त्याचा परवाना परवाच आला म्हणे. कोणी भरून दिला ते सांगत नाही. मला लाज वाटते आहे. हे फक्त इथे लिहितो.

३१ जुलै
परवाना आला. उद्या पहाटे बोट सुटेल.
हॅकर घरातलाच. वही उशाखाली होती, ती कपाटावर सापडली. पासवर्ड घेतला, बदलला, सुकट मोजता मोजता फोटो चढवला. बुधाजीचा अर्जही तिनेच भरला. सोसायटीचे बाकीचे उद्यापासून तिच्याकडे येणार आहेत. मला चहा करायला सांगितलंय.
परवान्याखाली शेरा आहे: ‘मंजूर. छायाचित्रातील अनावश्यक भाग वगळला आहे.’
फोटो मोठा करून बघितला. पूर्ण लांबी दिसते, नंबर दिसतो. नाळेवर माझी चार बोटं तेवढी राहिली आहेत.