सारवलेल्या भिंती

९ ऑगस्ट २००५
फवारणीवाले येऊन गेले. तांड्यातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर पांढरे डाग. वास असा की भाकर गिळवेना. अंगणवाडीसेविका म्हणून वहीवर सही माझीच. जाताना एकानं बजावलं, दोन-तीन महिने भिंती सारवू देऊ नका, औषध झाकून जातं. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

१६ ऑगस्ट
तीज तोंडावर. पोरी टोपल्यांत गहू पेरणार, पाहुणे येणार. सासूबाई हटूनच बसल्या, "आसल्या भिंती दावायच्या व्हय लोकायला?" शेवटी शेणमाती कालवली. मी सारवलं ते बघून सगळ्यांनीच सारवलं. सेविकाच सारवते म्हटल्यावर...

२४ ऑगस्ट
शेजारच्या कविताचा गणू, चार वर्षांचा. सकाळी अंगणवाडीत खिचडी मागून खाल्ली, दुपारी ताप नि झटके. जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, तिथून नांदेड.

२६ ऑगस्ट
आरोग्यसेवक आले, अंगणवाडीतच बसले. मेंदूताप म्हणे. भिंतीच्या भेगांतली बारीक माशी चावून लेकरांत पसरतो, असा संशय. "माशीनंच झालं का?" विचारलं. "पक्कं कसं सांगू ताई? रक्त तपासून राहिले." मग म्हणाले, "फवारणी झालती. वरून सारवलं तर न्हाई ना?"
दारात बाया उभ्या. मी न्हाई म्हणाले.
"मग परत फवारायची गरज न्हाई." वहीत लिहून गेले.
काय करून बसले मी!

२७ ऑगस्ट
खरं सांगून टाकते म्हटलं. सासूबाई, "सांग. मग ऱ्हाय या तांड्यात." त्यांचंही खोटं नाही. गोठ्याच्या भिंतीत दिवसाढवळ्या बारीक माश्या. माझी पिंकी तिथंच खेळते. तिला कितीदा हाकलणार?

२८ ऑगस्ट
कविताचा फोन, किराणा दुकानावर. "गणू डोळे उघडून न्हाई राहिला. वहिनी, तुमी शिकलेल्या. माझं काय चुकलं?" तुझं काही नाही म्हणाले. तेवढंच खरं बोलले. मला माझी किळस येते.

३० ऑगस्ट
सेनगावच्या दवाखान्याला अर्ज लिहिला. सारवल्यामुळे फवारणी वाया गेली, परत फवारा, सारवायला सुरुवात मी केली. तेवढ्यात गणूचा बाप आला, कपडे न्यायला. हातात अर्ज बघून म्हणाला, "सेनगाववरूनच चाललो वहिनी. द्या, दवाखान्यात देतो." कागद उलटापालटा करून माझ्या हातात परत दिला. "मला वाचता येत न्हाई. लेकरायसाठीच लिवलं आसंल. वाचून तर दावा."
चष्मा आणते म्हणून आत आले. तो ओट्यावर बसून आहे. जीपवाला हॉर्न वाजवतोय.