माळ्यावर ठेवलेलं कार्ड

मांजर्ली, बदलापूर (प.)
४ मार्च २०२५

चि. सौ. यशोधरास,
बाबाचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

वि. वि. तुझी टॅक्सी आत्ताच वळली आणि मी लिहायला बसलो. अंबरनाथच्या फॅक्टरीनं माझे कान खाल्ले, फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती घरघर. आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला आलीस, घर घरासारखं वाटलं. आता जावईबापूंकडे बघ. परवा त्यांचं हार्टचं ऑपरेशन, त्याआधी दोघांनी पोटभर बोलून घ्या.

एक सांगायचं राहिलं. कॅनडात राहायचं ते कार्ड तू पर्समध्ये तसंच टाकून फिरत होतीस. पुरात आपले दाखले, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झाला, विसरलीस वाटतं. ओरिजनल मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपल्या कागदांबरोबर माळ्यावर ठेवलंय. पर्समध्ये कलर झेरॉक्स आहे, मस्त लॅमिनेट केलेली. फरक ओळखून दाखव बघू. मी पेन्शनच्या कामालाही झेरॉक्सच नेतो.

पोचल्याचं कळव. माया असू दे.
तुझा बाबा, सुदाम

मांजर्ली
२० मार्च

चि. यशोधरास,
आशीर्वाद. जय भीम.

सवयीनं 'सौ.' लिहिलं, मग कागद बदलला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तुझ्या हातात कार्ड दिलं, तू ते घेऊन तशीच आत निघून गेलीस. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. काउंटरवाल्या बाईनं नकली कार्ड म्हणून तुला बाजूला उभं केलं, तू फोनवर फोन लावत होतीस, आणि मी त्याच फोनशेजारी बसून तुला पत्र लिहीत होतो. शेजारच्या राजूनं येऊन सांगितलं तोवर विमान गेलं होतं.

विक्रांतराव ऑपरेशनमधून परत आले नाहीत आणि तुमची भेट झाली नाही, ती माझ्यामुळे. घास उतरत नाही. एक ओळ तरी लिही.

तुझा बाबा

ब्रॅम्प्टन
९ एप्रिल

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं विक्रांत गेल्यावर हातात पडलं. राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. अजूनही येतो, भांडी घासताना येतो. तुम्ही जेवत नाही असं राजूनं कळवलं. जेवा. मला आता तुम्हीच उरलात, आणि रागवायलासुद्धा तुम्ही धड हवेत.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ऑपरेशनच्या वेळी मी विमानात असणार, फोन लागणार नाही, म्हणून इथल्या मैत्रिणीला, संध्याला, आधीच सांगून ठेवलं होतं की विक्रांतनं विचारलं तर मी आले म्हणून सांग. आत नेताना त्यानं विचारलंच. ती म्हणाली, खाली आलीय, लिफ्टपाशी आहे. तो हसला म्हणे. नर्सला म्हणाला, मग दोन मिनिटं थांबा ना.

नर्स थांबली, बाबा. पाच मिनिटं थांबली.

तब्येत सांभाळा. आहे तशी माया राहू द्या.
तुमची,
यशोधरा