हिरव्या दाराची गाडी

१३ जानेवारी १९९८, मंगळवार

व्हर्जिलचं डोकं ठिकाणावर आहे ना?

आज आमच्या मॉडेल-गाड्यांच्या क्लबात त्यानं डबा उघडला. आत सहासष्ट सालची दोन दारांची गाडी. खऱ्या गाडीचा पंचविसावा हिस्सा, म्हणजे वीतभर लांब. पांढरीशुभ्र! रंग असा की टपावर छतातल्या दिव्याची नळी सरळ उमटावी. इंजिनाला आठही वायरी. खिडक्यांच्या कडांना चंदेरी वर्ख, सुरकुती म्हणून नाही. बहात्तराव्या वर्षी, हात थरथरत असताना!

आणि डावं दार हिरवं. बाटलीसारखं गडद हिरवं.

सगळे वाकून पाहू लागले. ड्वेनला मात्र गप्प बसणं जमत नाही. "काय रे व्हर्जिल, पांढरा रंग संपला वाटतं?"

"कारखान्यातून अशीच निघाली," व्हर्जिल म्हणाला. "मी पाहिलीय."

तीस वर्षं तपासनीस होता तो तिथे. ज्या गाडीवर त्यानं लाल खडूची रेघ मारली ती पुढे जायची नाही. घरी मॉडेलं करतानाही तेच. नऊ वर्षांपूर्वी माझी गाडी त्यानं प्रदर्शनाच्या टेबलावरून परत पाठवली होती — का, तर तिच्यातल्या राखदाणीची मूठ पुढच्या सालची होती! मूठ! ज्वारीच्या दाण्याहून लहान! आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि हाच माणूस आता म्हणतो, हिरवं दार.

मार्चच्या प्रदर्शनात लावणार आहे. ‘कारखान्यातून निघाली तशी’ या गटात. "ही माझी शेवटची," म्हणाला.

त्या गटाचा मुख्य परीक्षक यंदा मी.

१४ जानेवारी

इर्मा म्हणते, "चूक झाली असेल रे त्याची. म्हातारा माणूस."

बायकोला कसं सांगू! या खेळातल्या गाडीचं दार वेगळं नसतं. अख्खं अंग एका तुकड्याचं, दार म्हणजे नुसती कोरलेली रेघ. एकच दार रंगवायचं तर भोवती केसाएवढी चिकटपट्टी लावत तासभर बसावं लागतं. चुकून नाही होत ते.

२२ जानेवारी

व्हर्जिलकडे जाऊन सरळ विचारलं.

त्यानं सांगितलं ते असं: हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा होता, त्याआधीचा शुक्रवार. अर्धी माणसं बंदूक घेऊन जंगलात. कचेरीतली पोरंटोरं आणून दारं बसवायला उभी केलेली. पांढऱ्या गाडीला हिरवं दार लागलं. व्हर्जिल सरकत्या पट्ट्याच्या शेवटाला, हातात खडू.

"मग? मारली का नाहीस रेघ?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "इतक्या ऐटीत येत होती रे चेट. हात उचलवेना."

पटलं मला. जवळजवळ पटलं.

१० फेब्रुवारी

आज क्लबात त्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पण या वेळी ऑगस्ट! पंखे बंद, सगळ्यांचे सदरे अंगाला चिकटलेले, एक जण घेरी येऊन पडलेला. ऑगस्टमध्ये कुठली शिकार? बाकीच्यांच्या ध्यानात आलं नाही.

माझे कान फसत नाहीत. एका गॅरेजात झाडू मारत सुरुवात केली, मग स्वतःची तीन उभी केली — ती हातांपेक्षा कानांच्या जोरावर. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांनी पोचा कसा पडला ते मला सांगितलंय! "खांबच आडवा आला हो, चेट." खोटं बोलणारा गोष्ट घोकून येतो. दर वेळी तोच खांब, तीच वेळ. व्हर्जिलच्या आवाजात खोटं नव्हतं. त्याचीच तर पंचाईत आहे.

११ फेब्रुवारी

लबाडी नाही. मग विसर? की गाड्याच दोन होत्या?

२४ फेब्रुवारी

ईस्टरचे उपवास सुरू होण्याआधीचा मंगळवार. इर्मानं तळलेल्या पोंच्की, म्हणजे मनुका घातलेले गोड वडे, डझनभर घेऊन व्हर्जिलकडे गेलो. तो तळघरात. त्याच्या बायकोनं, लोर्नानं, मला दारातच गाठलं.

"चेट, ती गाडी तू कधी पाहिलीस का? तालुक्यातली झाडून सगळी वाहनं तुझ्याकडे रंगायला यायची."

"आठवून बघतो," म्हटलं.

"नीट आठव. आणि मला गोड वाटावं म्हणून काही सांगू नकोस." एवढ्यात तो जिना चढून आला. "कॉफी देते हं," म्हणत ती आत वळली.

कॉफीचं कुणी विचारलंच नव्हतं.

१ मार्च

माझा जुना रंगारी एल्डन, आता फ्लोरिडात असतो. त्याला फोन लावला. पांढरी गाडी, डावं दार हिरवं, कधी आली होती आपल्याकडे?

"मालक, कुठली पिताय? मला पण पाठवा थोडी."

१५ मार्च, रविवार

शाळेच्या खेळघरात प्रदर्शन. दोनशेवर गाड्या. मी आणि ड्वेन परीक्षक. बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरचा आरसा घेऊन पोटाखालून, चाकांमागून पाहत पाहत व्हर्जिलच्या टेबलाशी आलो. गालिच्याची लव, काट्यांवरचे आकडे, मागच्या काचेवरची किमतीची चिठ्ठी — कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त ते दार.

ड्वेनला आयतीच संधी. "कागद? फोटो? साक्षीदार? काय आहे?"

"मी पाहिलीय."

"बनवणारा साक्षीदार नसतो, बाबा! हा नियम कुणी लिहिला? तूच ना!"

भोवतीचे हसले. कुणीतरी म्हणालं, "मागचं चाक चौकोनी असतं तरी म्हणाला असता, पाहिलीय." व्हर्जिलनं टोपी काढली, परत घातली. ड्वेनकडे नाही, हसणाऱ्यांकडे नाही — माझ्याकडे पाहिलं.

मी पेन काढलं. कार्डाच्या मागे साक्षीदाराची जागा असते, तिथे लिहिलं: ही गाडी मी डोळ्यांनी पाहिली. सही. आणि तोंडानंही बोलून गेलो — सत्तर साली माझ्याकडे आली होती, मालक म्हणाला पोचा तेवढा काढ, दाराच्या रंगाला हात लावू नकोस. कसं भरभर आलं! जिभेला हाडच नाही. ड्वेननं गुण लिहायला घेतले. माझ्या शब्दापुढे या गावात गाड्यांच्या बाबतीत कोण बोलणार?

पहिला नंबर.

नंतर व्हर्जिलनं माझी बाही धरली. "नक्की? तू स्वतः पाहिलीस?"

"पाहिली म्हणजे काय! हातानं पुसलीय."

"मग ती होती," म्हणाला. दोनदा म्हणाला. डोळे भरले होते. एवढ्याशा करंडकासाठी!

खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं ना? वाटत नाहीये. चांगलंच केलं की मी. की नाही?

१६ मार्च

सकाळपासून विचित्रच चाललंय. ती गाडी मला दिसतेय! गॅरेजच्या तोंडाशी उभी, नुकती धुतलेली, हिरवं दार माझ्याकडे. पोचा मुठीच्या खाली, बशीएवढा. हे तर मी ड्वेनला सांगितलंही नव्हतं. मग कुठून आलं? पाहिली होती की काय मी? इर्माला विचारलं. "तूच सांगितलंस ना काल, पाहिली म्हणून?" म्हणाली.

हिला काय विचारायचं!

१७ मार्च

लोर्नाचा फोन. व्हर्जिल फार विसरतो, म्हणून नाताळापासून ती त्याच्यामागे लागली होती — मेंदूच्या डॉक्टरकडे चल. तो अडून बसलेला. शेवटी बोली झाली: ती गाडी दुसऱ्या कुणीही पाहिलेली निघाली तर डोकं शाबूत, कुणीच नाही तर तो आपणहून येईल. वेळ उद्याची मिळाली होती. आज सकाळी त्यानंच फोन करून रद्द केली. "चेटनं पाहिलीय," म्हणाला म्हणे, आणि शिट्टी वाजवत तळघरात गेला.

मी म्हटलं, "वेळ परत माग. मी येतो, मीच घेऊन जातो त्याला."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तू नाही पाहिलीस?"