अर्धं राहिलंय, उद्या करतो

सोमवार, १२ मार्च
ऑफिसातून, दुपारी

प्रिय बारक्या,

पत्र बघून हसशील. हस. फोनवर मी कामाचा विषय काढला की तुझ्याकडे नेमका आवाज तुटतो, आणि मेलला तू नुसता अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते, आणि आपण चढतोय हे सगळ्या इमारतीला ऐकवते. तू पाठवलेली काठी तिने पडदा सरकवायला ठेवलीय. ऑफिसात आम्ही अजून चौघंच: मी, आमची चाचणीवाली, आणि ते दोघे 'जुळे', जे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत पण शर्ट एकसारखे घालतात. खिडकीखालच्या कुलूपवाल्याने दुकान वाढवलं, त्यामुळे दिवसभर किल्ल्या घासल्याचा आवाज येतो.

रविवारी तू आईला म्हणालास, "ताईचं सगळं ज्यावर चालतं ना, त्याचंच काम करतोय मी." आई इतकी खूश झाली की शेजारणीला सांगून आली. मी भांडी पुसत होते, पुसत राहिले.

तर मुद्दा. बुधवारी इस्पितळवाल्यांशी बैठक आहे. चौदा डायलिसिस केंद्रांत कुणाला कुठल्या मशीनवर किती वाजता घ्यायचं हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि आमचं सॉफ्टवेअर उभं आहे तुमच्या कंपनीच्या फ्रेमवर्कवर. आईला मी एकदा समजावलं होतं, जोतं त्यांचं, भिंती आपल्या. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना आता लेखी हवंय की हे जोतं पुढची सात वर्षं टिकेल. दिलं नाही तर त्या दुसऱ्याकडून सगळं नव्याने करून घेतील, आणि माझं नऊ वर्षांचं काम गेलं. त्यांचं काही चुकत नाही. सकाळच्या पाळीत एक शिंपीणबाई येतात, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पाळ्यांची यादी बंद पडली तर त्यांनी काय तुमच्या कंपनीचा ब्लॉग वाचत बसायचं?

ब्लॉग मी वाचलाय. "या फ्रेमवर्कशी आम्ही पूर्णपणे बांधील आहोत." अरे, हेच वाक्य, शब्दाला शब्द, तुम्ही त्या नकाशांच्या टूलबद्दल लिहिलं होतं आणि अकरा आठवड्यांनी ते गुंडाळलं. तेव्हापासून कंपनी आपणहून 'बांधील' म्हणाली की मी आठवडे मोजायला लागते. जो नवरा रोज उठून 'मी काही पळून जाणार नाही' म्हणतो, त्याची बॅग आधी बघावी.

पण मी हे निवडलं ते कंपनीकडे बघून नाहीच. नऊ वर्षांपूर्वी तू तिथे लागलास आणि पहिल्याच आठवड्यात फोन केलास, "ताई, डोळे झाकून घे, मी आहे ना इथे." मी घेतलं. तीन वर्षांपूर्वी दोनशे डेव्हलपर बसलेल्या सभागृहात एकाने मला विचारलं, "कंपनीने उद्या हे टाकून दिलं तर?" मी माईक धरून म्हणाले, "माझा सख्खा भाऊ आहे तिथे. त्याचा कान माझ्या हातात आहे." सगळे हसले. त्यातल्या कितीजणांनी त्या एका वाक्यावर आपला धंदा त्यावर उभा केला, देव जाणे.

तुला माहीत नसेल, रोज सकाळी चहा घेताना मी तुमच्या फ्रेमवर्कमधल्या बदलांची यादी वाचते. ती उघडीच असते, कुणीही वाचावी. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव आणि एक ओळ. बाकीचे 'दुरुस्ती' एवढंच लिहून मोकळे होतात. तू कारण लिहितोस, कुणाला त्रास झाला असेल तर माफी मागतोस. त्या ओळीवरून मला कळायचं की तुझी झोप झालीय की नाही.

तुझी शेवटची ओळ चार जुलैची आहे. "पडद्यावरची यादी कधी कधी जुनीच दिसते. कारण सापडलं. अर्धं राहिलंय, उद्या करतो."

तो उद्या आलाच नाही. आठ महिने झाले, त्या बदलांच्या यादीत माणूस नाही, एक यंत्र नुसते आवृत्तीचे आकडे वाढवतंय. मग गेल्या महिन्यात तुमच्या जाहिरातींच्या विभागाच्या यादीत मला एक ओळ दिसली. कारण दिलेलं, माफी मागितलेली. नाव बघायची गरजच नव्हती. तुला हलवलंय. तुझ्या जागी कुणी आलेलं नाही. आणि तू मूग गिळून बसलायस, वर आईला गोष्टी सांगतोयस. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

रागावलेय मी. पण सगळं तुझ्या गळ्यात मारून मोकळी होणार नाही. ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्या भावाशी बोललात का?" मी म्हणाले, "बोलले. काळजी नको." बोलले नव्हते. तुझी ओळ येईनाशी होऊन तेव्हाच तीन महिने झाले होते. उत्तर मला ठाऊक होतं, ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणजे तू आईला फसवलंस आणि मी गिऱ्हाइकाला. एकाच घरातले आपण.

चाचणीवाली हाका मारतेय. बाकीचं नंतर.

गुरुवार, १५ मार्च

बुधवार पार पडला. कसा ते ऐक.

डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांचे खरेदीवाले साहेब. टेबलावर हमीपत्र छापून तयार. साहेब म्हणाले, "एवढी मोठी कंपनी आहे मागे, सही करायला तुम्ही का कचरताय?" मी म्हणाले, "मोठी आहे म्हणूनच. आपल्यासारखे तिच्या हिशेबातही नसतात." मग एका दमात सांगून टाकलं. ऑक्टोबरात मी खोटं बोलले, भावाला आठ महिन्यांपूर्वी हलवलंय, आणि त्या फ्रेमवर्कवर आज कुणीही काम करत नाही.

साहेबांनी पेन बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग सात वर्षांची हमी देणार कोण?"

"मी."

फ्रेमवर्कचं लायसन्स खुलं आहे, तूच ते मला वाचून दाखवलं होतंस. कुणीही प्रत काढावी आणि आपली आपण पुढे चालवावी. मंगळवारी आम्ही ती काढली. त्या सभागृहातल्या दोघांचे नंबर शोधून मी फोन केले, आधी माफी मागितली. एकाने दहा मिनिटं झापलं, आणि मग म्हणाला, "सुरक्षेच्या दुरुस्त्या माझ्याकडे दे." दुसरी नुसतं "आलेच" म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागच्या वेळीही तुम्ही अशाच ठाम होतात."

बरोबर होतं ते. लागलं, पण बरोबर होतं. मी म्हणाले, "म्हणून या वेळी माझ्या शब्दावर जाऊच नका. बदलांची यादी उघडी राहील. तुमचा माणूस दर महिन्याला वाचेल. एक महिना रिकामा दिसला, तर करार मोडा."

"महिन्याला नको," त्या म्हणाल्या. "आठवड्याला."

"आठवड्याला."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. खाली येऊन मी दहा मिनिटं पायरीवर बसून होते, हे तुलाच सांगतेय. जुळ्यांना सांगू नकोस, ते मला वाघीण समजतात.

आज सकाळी आमच्या प्रतीत पहिला बदल केला. तुझं चार जुलैचं अर्धं उघडलं. कारण तू अगदी नेमकं पकडलं होतंस, राहिलं होतं ते दोन तासांचं काम. दोन तास, बारक्या. तेवढेसुद्धा त्यांनी तुला दिले नाहीत, यावर मी दिवसभर धुमसतेय. चाचणीवालीने चाळीसदा पाळ्या बदलून बघितल्या, पडद्यावरची यादी एकदाही जुनी दिसली नाही. खाली ओळ लिहिली आहे, "कारण धाकट्याने शोधलं होतं. उरलेलं केलं." तुझं नाव माझ्या आधी आहे.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, तेवढं मला कळतं. तुझे साहेब विचारतील तर बेलाशक सांग की बहीण कुणाचं ऐकत नाही. पण रविवारी आईला खरं सांग, तू स्वतः. ती चिडेल, मग शेजारणीला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. आणि मग फोन मला दे म्हण. आवाज तुटला तरी मी ठेवणार नाही.

एक राहिलंच. हमीपत्रात 'जबाबदार' या शब्दापुढे तुमच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. ते मी पेनाने खोडलं, वर माझं लिहिलं आणि सही केली. नऊ वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

जबाबदार,
तुझी ताई