बिबट्याच्या नावावर

निमगाव सावा,
११ मार्च २००४

ती. अंजनावन्सं यांस,
रत्नाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे माहेरी खुशाल आहोत. मंचरला तुम्ही सगळे बरे असाल. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे कांदा काढायला आलाय. भाऊ-वहिनी दिवसभर वावरात असतात, मी घरची भाकरी बघते. दोन्ही मुलींना इथल्याच शाळेत घातलंय. श्रेयाला पाढे चांगले येतात. धाकटी अजून बाईंचा हात सोडत नाही.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंय, "झालं ते झालं. कोर्टात एवढंच सांग, की बिबट्या व्हता, घाबरल्यामुळं काय दिसलं न्हाई. माझा भाऊ सुटंल, तुझ्या पोरींना बाप मिळंल."

वन्सं, तुम्ही तिथं नव्हता. गावानं सांगितलं तेवढंच तुम्ही ऐकलं. मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही, कारण माझं तोंड उघडत नव्हतं. आता उघडतं. म्हणून आधी सगळं लिहिते, मग तुमच्या मागणीचं बघू.

त्या दिवशी पिंपळवंडीच्या मळ्यात, उसाच्या कडेला, मी गुरांसाठी मका तोडत होते. ऊन अजून होतं. तुमचे भाऊ बांधावरून आले. प्यायलेले नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात आता सगळे दारूवर ढकलतात.

त्यांनी विचारलं, "आपरेशन केलं म्हणं तू?"

मी मका तोडत राहिले.

"दोन पोरींवर? मला न इचारता?"

मी म्हणाले, "धाकटीच्या वेळी मी मरता मरता वाचले. डॉक्टरीणबाई म्हणल्या, की पुन्हा..."

पुढचं बोलू दिलं नाही. माझ्या हातातला कोयता त्यांनी हिसकावून घेतला. पहिला घाव मी हात आडवा करून झेलला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा कानाखालून हनुवटीपर्यंत आला. मी मक्यात उताणी पडले. ते छातीवर गुडघा रोवून बसले आणि कोयता पुन्हा वर गेला. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, वन्सं. लाकूड फोडताना असतो तसा होता.

तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर आला. ते थांबले. कोयता पाटाच्या पाण्यात टाकला, उसाकडं बघितलं, आणि मग बोंब ठोकली, "बिबट्या! धावा रं, बिबट्यानं बायकू धरली!"

गाव धावलं. त्या साली आमच्या शिवारात बिबट्यानं वासरं नेली होती, शेजारच्या वाडीतलं एक माणूसही गेलं होतं. कुणाला शंका येणार? तुमच्या भावानं मला छातीशी धरून जीपमध्ये घातलं. ते रडत होते. माझ्या तोंडात रक्त भरलेलं, जबडा लोंबलेला. डोळ्यांनी मी बायकांकडं बघत होते. त्या म्हणत होत्या, "बाई गं, कसं पंजानं फाडलंय!"

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुदर्शन म्हणून तरणे डॉक्टर होते. त्यांनी रक्त थांबवलं, हाताला फळी बांधली, गळ्यात श्वासाची नळी घातली. माझा जीव त्यांनी वाचवला, म्हणून त्यांना नावं ठेवत नाही. पण सरपंच बाळासाहेबांचा फोन आला, गाव दारात उभं होतं, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर बिबट्या लिहिलं. वनखात्यानं त्याच संध्याकाळी उसाच्या कडेला पिंजरा लावला. जागा कुणी दाखवली? तुमच्या भावानं.

पूर्वीची गोष्ट असती, तर माझा जबडा बघून मला पुण्याला पाठवलं असतं. जीपमध्ये माझ्या उशाला तेच बसले असते. त्या वाटेचा मी विचार करत नाही.

पण त्या दवाखान्यात तेव्हा नुकतीच एक खोली केली होती. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर कॅमेरा. टेलिफोनच्या तारेवरून पुण्याचे मोठे डॉक्टर पेशंट बघायचे. लोक तिला टीव्हीची खोली म्हणायचे आणि हसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथं नेलं.

पडद्यावर एक बाई होत्या, केस पिकलेले, जाड चष्मा. चित्र मधेच थिजायचं. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. तुमचे भाऊ माझ्या खाटेचा दांडा धरून उभे.

मॅडम म्हणाल्या, "कॅमेरा जवळ घ्या. अजून. आता हात दाखवा." मग त्या हातावरच नजर रोवून बसल्या. मला वाटलं चित्र पुन्हा थिजलं.

"डॉक्टर, दातांच्या खुणा कुठं आहेत?"

डॉक्टर सुदर्शन म्हणाले, "मॅडम, पंजा मारला असं नातेवाईक म्हणतात. सरपंचांचाही तसाच फोन होता."

"पंजाला नखं किती असतात? इथं एकच रेघ आहे, सरळ. हातावरही तशीच." मग त्यांचा आवाज बदलला. "मला बाईंना तपासायचंय. सिस्टर सोडून सगळे बाहेर जा."

तुमचे भाऊ म्हणाले, "म्या नवरा हाय तिचा. म्या हलणार न्हाई. तू कोण मला बाहीर काडणारी?"

त्या चिडल्या नाहीत. "मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या सरपंचांनाही नाही. डॉक्टर, यांना बाहेर न्या."

डॉक्टरांनी मान खाली घातली होती. ती वर केली, तुमच्या भावाचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर काढलं. कुशाबाई सिस्टरनं आतून कडी लावली. लगेच दारावर लाथा सुरू झाल्या. "रत्ने! त्वांड उगडलं तर बग!" त्यांना माहीत होतं की माझं तोंड उघडणारच नाही.

मॅडम म्हणाल्या, "ताई, बोलू नका. हे जनावरानं केलं असेल तर बोट हलवू नका. माणसानं केलं असेल तर एक बोट उचला."

दार हलत होतं. मी मुलींचा विचार केला, त्या तेव्हा तुमच्या आईंजवळ त्याच घरात होत्या. माझं बोट उचललं गेलं नाही. आणि मग पडदा निळा झाला. लाइन तुटली.

कुशाबाई तारा दाबत होती, फोन फिरवत होती. बाहेर तुमचे भाऊ खुर्ची आपटत होते. दारातल्या काचेचा चुरा झाला, तुकडे माझ्या पायांवर आले. मला कळलं, आता त्या बाई येणार नाहीत. मी हे तोंडातलं रक्त गिळत बिबट्याचं नाव घेऊन घरी जाणार, आणि पुढच्या वेळी रस्त्यानं ट्रॅक्टर येणार नाही.

चित्र परत आलं तेव्हा त्या पडद्याला नाक लावल्यासारख्या जवळ बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "मी इथंच आहे. मुलं आहेत का घरी? त्यांना आधी पोलीस आणतील, मी स्वतः फोन करते. आता सांगा."

मी बोट उचललं. मग सगळा हात उचलला.

पोलीस आले तोवर तुमचे भाऊ गावाकडं पळाले होते. पिंजऱ्यात मादी सापडली होती. शे-दोनशे माणूस जमलं होतं, आणि सगळ्यांत पुढं हे, टोकदार बांबू गजांतून आत खुपसत, "माझ्या बायकूला खातीस?" म्हणून ओरडत. कुशाबाईचा भाऊ तिथं होता. तो सांगतो, मादीचा एक डोळा फुटला होता, तरी हे थांबेनात. पोलिसांनी त्यांना तिथूनच धरलं. त्याआधी मुलींना आणलं होतं.

मॅडमना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जबडा तारेनं बांधायला मला पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. पण नंतरची सगळी तपासणी त्याच खोलीत झाली. तोंड किती उघडायचं, जीभ कशी वळवायची, हे त्या पडद्यावरून शिकवतात. पहिला शब्द मी त्यांच्यासमोरच बोलले. "पाणी" म्हणाले. आता त्या खोलीबाहेर बायका रांगेत बसतात. सगळ्यांना आजारच असतो असं नाही. कुशाबाई काही न विचारता कडी लावून घेते.

आता तुमच्या मागणीचं. मी बिबट्या म्हणणार नाही.

आणखी एक. ऑपरेशनची गोष्ट तुमच्या भावाला कशी कळली, हे पोलिसांनी मला विचारलं होतं. तेव्हा तोंड बांधलेलं होतं, मी मान हलवून नाही म्हणाले. पण ते फक्त दोघींना माहीत होतं, तुम्हाला आणि मला. कोयता उचलला त्याच्या आदल्या दिवशी ते मंचरला तुमच्याकडं जेवायला आले होते. तुम्ही भांडून बोललात की सहज, ते मला माहीत नाही. हे असं होईल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढं मात्र मी जाणते. कोर्टात विचारलं तर मी खरं सांगेन, तुमचं नाव घेऊन सांगेन. तिथं पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून आज लिहिलं. ऑपरेशनच्या दिवशी सासरी खोटं सांगून मला दवाखान्यात नेणाऱ्या, शुद्धीवर येईपर्यंत माझा हात धरून बसलेल्या तुम्हीच होता, हेही सांगेन.

मुली तुमची आठवण काढतात. भावासाठी येणार असाल तर येऊ नका. माझ्यासाठी आलात तर भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुमच्या घराची आता सून नसलेली,
पण तुमची
रत्ना