काखेत हात घालू नका

सोम. १२ जाने. ५९, भडगाव
वही उघडायची तीन आठवडे टाळली. जे लिहायचं ते मुंबईतच लिहायला हवं होतं. अक्काच्या शकूचं, सहा वर्षांच्या पोरीचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने मला, मामाला, समोर बसवून सगळं सांगितलं. लिहून घ्या म्हणाली. चार ओळी लिहिल्या, तेवढ्यात खिडकीखाली माकडवाला आला. बाकीचं राहील लक्षात म्हटलं...

बुध. १४
आज शकूची गुळाची तुला. नवस आबांचा, म्हणजे अक्काच्या सासऱ्यांचा. कापसाचा मोठा काटा खळ्यात टांगला. पारड्यात बसवायला आबांनी तिला काखेत धरून उचललं. पोर किंचाळली. आणि मला तेव्हा आठवलं. 'काखेत हात घालू नका, टाके ताणतात. एक हात बुडाखाली, एक पाठीला.' सिस्टरने उशी उचलून दाखवलंही होतं. तुला अर्धीच राहिली.

गुरु. १५
शकूचं अंग तापलंय. डावा हात हलवत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, हृदयाचं मला कळत नाही, धुळ्याला न्या. आबा म्हणतात दृष्ट लागली. "नवस फिटाबिगर पोर गाव सोडाव नही." तर उद्या मी एकटाच जातो, मुंबईच्या त्या चार ओळींचा कागद घेऊन.

शुक्र. १६
धुळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझ्या चार ओळी वाचल्या. "ताप आला तर थांबू नका, हे तुझंच अक्षर ना? मग पोर कुठंय?"
घरी, म्हटलं.
"मग ताप कागदाला आलाय का?"
त्यांनी घराचा पत्ता विचारून घेतला. मग सांगत गेल्या: झोपेत श्वास मोजायचे, ओठांचा रंग बघायचा, टाके लाल होतात का, पू येतो का. पण पोरीला आणच. कागदाच्या पाठीमागे सगळं उतरवलं. रस्त्यात बँड वाजत होता. उठलो नाही.

शनि. १७
झोपेतले श्वास, मिनिटाला: काल रात्री ३२, आज सकाळी ४०. टाक्यांभोवती लाल. आबांना दाखवलं. "तुले काय समजस?" मुंबईत समजून घेतलं असतं तर...
अक्का गाडीत गोधडी अंथरून आली. बैल जुंपायचं मात्र आबांच्या हातात, आणि ते उंबऱ्यावर बसलेत.
दुपार. हे लिहितोय तोवर धुळ्याच्या मोटारीने नर्सबाई आल्यात. एकट्या. आबांच्या समोर उभ्या राहून, टाके बघायचेत म्हणून, हात धुवायला पाणी मागतायत.